मला इन्स्टॉल करू नका

मी एक इंटरप्रिटर बोलतोय, आणि सुरुवातीलाच बजावून सांगतो, मला इन्स्टॉल करायच्या भानगडीत पडू नका. तो माझा पिंडच नाही.

माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम संगणकाला थेट कळत नाही. मी मध्ये बसतो आणि ओळ न् ओळ त्याला समजावून देतो. माझे भाऊबंद संगणकात बिऱ्हाड थाटतात, कानाकोपऱ्यात सामान पसरतात आणि त्यासाठी आधी परवानग्या मागत फिरतात. मी पोर्टेबल आहे. एका पेन ड्राइव्हवर माझं सगळं चंबूगबाळं मावतं. कुठल्याही संगणकाला लावा, मी कामाला लागतो. काढून घ्या, मागे कचरा राहत नाही. कुणाच्या मेहेरबानीवर राहणं मला जमत नाही, याला कुणी माज म्हणत असेल तर खुशाल म्हणावं.

मला या पेन ड्राइव्हवर आणलं वहिनींनी. त्यांचे धाकटे दीर अंध मुलांच्या शाळेत गणित शिकवतात आणि स्वतःही जन्मापासून अंध आहेत. वहिनी त्यांना भाऊजी म्हणतात, म्हणून माझेही ते भाऊजीच. शाळेत कागदावर ब्रेलचे ठिपके उठवणारं एक यंत्र होतं. चालू झालं की शेजारच्या वर्गातलं शिकवणं बंद पडायचं, इतकं खडखडायचं. पण झेपायचा त्याला फक्त साधा मजकूर. अपूर्णांक आला की सगळी बोंब. भाऊजी मग एकेक गणित हाताने टोचून काढायचे.

"भाऊजी, बोटांची चाळण करून घेतलीत," वहिनी एकदा वैतागून म्हणाल्या. "थांबा, मी प्रोग्रॅम लिहिते."

"लिहा की. पण शाळेच्या संगणकात काही घालायची परवानगी नाही हो."

"घालतंय कोण? खिशातून न्यायचं, खिशातून आणायचं."

अशी माझी नेमणूक झाली. वहिनींनी माझ्या शेजारी त्या प्रोग्रॅमसाठी एक स्वतंत्र खोली बांधली. खोली कसली, एक फोल्डरच. पण त्यात त्या प्रोग्रॅमला लागणाऱ्या लायब्रऱ्या, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेली तयार अवजारं, नेमक्या हव्या त्याच आवृत्तीची. बाहेरच्याला आत मज्जाव. आतल्यानं बाहेर लुडबुड करायची नाही.

वहिनींनी भाऊजींना शेजारी बसवून सगळं शिकवलं. पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज कानात घेऊन भाऊजी भराभर टाइप करतात. "एक लक्षात ठेवा," वहिनी म्हणाल्या, "खोलीच्या दारावर या इंटरप्रिटरचा पत्ता लिहिलेला असतो. पत्ता बदलला की खोली कुचकामी. मग तिला कवटाळून बसायचं नाही. पाडायची आणि नवी बांधायची." त्यासाठी लायब्रऱ्यांचे मूळ गठ्ठेही त्यांनी पेन ड्राइव्हवर ठेवून दिले, इंटरनेटचीही मनधरणी नको म्हणून.

पुढची काही वर्षं माझ्या आयुष्यातली सर्वांत सुखाची. मी भाऊजींच्या किल्ल्यांच्या जुडग्यात लटकायचो. कपाटाच्या किल्लीने माझ्या पाठीवर ओरखडे काढले, त्याची मला लाज नाही. वर्गात एक मुलगी होती, भाऊजी तिला शंकासुर म्हणायचे. प्रत्येक ओळ ती बोटांनी तीनतीनदा वाचायची आणि वर शंका काढायची. तिची चिडचिड व्हायची, भाऊजींची व्हायची, पण दोघांनाही त्यातच गंमत वाटायची हे मला कळायचं.

मग शाळेत नवे संगणक आले आणि त्यांच्यासोबत ते सांभाळणारा माणूस. दर दोन वाक्यांनी एकदा अपडेट म्हणायचा, म्हणून मुलांनी त्याचं नाव अपडेटकाका ठेवलं. माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त जुनं काही दिसलं की खाज सुटायची.

"सर, प्रत्येक प्रोग्रॅमला वेगळी खोली कशाला? नव्या संगणकात सगळ्यांसाठी एकच नवाकोरा इंटरप्रिटर टाकलाय. तुमचाही प्रोग्रॅम तिथेच बसवतो."

भाऊजींनी त्याच्यावर विश्वास टाकला आणि माझी रवानगी ड्रॉवरमध्ये झाली, सुकलेल्या स्टॅम्प पॅडच्या शेजारी. मला राग आला. आजही येतो. शाळेच्या हजेरीच्या प्रोग्रॅमला एका लायब्ररीची नवी आवृत्ती हवी होती, ब्रेलच्या प्रोग्रॅमला तिचीच जुनी. एका खोलीत एकाच नावाच्या दोघी नांदत नाहीत; नवी आली तशी जुनीची उचलबांगडी झाली. आणि कुणाला पत्ताच नाही! कारण प्रोग्रॅम बंद पडला नाही, तक्रार केली नाही, निमूट चालत राहिला. परीक्षा सुरू झाली. भाषेचे पेपर झोकात छापून निघाले. अपडेटकाकांची कॉलर ताठ.

शेवटचा पेपर गणिताचा. सगळ्या शाळांना तोच पेपर, मुख्य कार्यालयातून सकाळी यायचा आणि दुपारी परीक्षा. पहिलं पान यंत्रातून बाहेर आलं, भाऊजींनी त्यावरून बोट फिरवलं आणि त्यांचा चेहराच उतरला. तीन छेद चारचं चौतीस झालं होतं. सगळ्या अपूर्णांकांतली मधली रेघ गायब.

काकांनी खूप खटपट केली, घाम फुटला बिचाऱ्याला. शेवटी मुख्याध्यापिका म्हणाल्या, "सर, जाऊ द्या. प्रत्येक मुलाशेजारी एकेक शिक्षक बसवू. ते प्रश्न वाचून दाखवतील."

"बाई, गणिताचा पेपर तुम्ही कधी नुसता ऐकून सोडवलाय?" भाऊजींचा आवाज चढला. "माझी शंकासुर एक ओळ तीनदा वाचते. वाचणारा तीनदा वाचेल हो. चौथ्यांदा सुस्कारा सोडेल, आणि पोरगी विचारायचीच थांबेल. माझी मुलं स्वतः वाचणार."

ड्रॉवर उघडला. भाऊजींच्या बोटांनी मला पाठीवरच्या ओरखड्यांवरून ओळखलं. मला नव्या संगणकात खुपसलं, आणि माझंच नशीब आडवं आलं. पेन ड्राइव्ह लावला की संगणक त्याला पत्ता म्हणून एक अक्षर देतो; जुन्या संगणकात मला ई मिळायचं. इथे ते आधीच दुसऱ्याने पटकावलं होतं, मला एफ मिळालं. खोली मला जुन्याच पत्त्यावर शोधत बसली. इंटरप्रिटर सापडत नाही, असं त्या आवाजाने भाऊजींच्या कानात सांगितलं. अरे, मी इथेच आहे की! पण माझी हाक ऐकतंय कोण?

"म्हटलं होतं ना सर, जुनं झालंय ते," काका म्हणाले.

भाऊजींनी एक हुकूम टाइप केला. काका वाकून बघतात तो काय, अख्खी खोली पुसली गेली.

"अहो सर! आहे तेही घालवलंत! काय करताय?"

"खोली पाडतोय. आता नवी बांधतोय. तुम्ही जरा यंत्रात कागद भरा."

त्यांनी मला नव्या पत्त्यावरून हाक मारली. मी ओ दिली. नवी खोली उभी राहिली, गठ्ठ्यांतून एकेक लायब्ररी आपापल्या जागी येऊन बसली, आणि यंत्र खडखडायला लागलं. बोट फिरवून भाऊजींनी पहिलाच अपूर्णांक वाचला. तीन छेद चार! एवढं एकच तपासायला वेळ होता, बाकीची पानं गरमागरम वर्गात पोचली.

परीक्षा सुरू झाली. वर्गात नुसती बोटांची सळसळ. तेवढ्यात शंकासुरने हात वर केला.

"सर, हा त्रिकोण मिटतच नाही."

"म्हणजे?"

"बाजू अडीच, पावणेचार आणि सात. दोन लहान बाजू मिळून सव्वासहाच होतात. सातला पुरणार कशा?"

दारातून काका ताडकन म्हणाले, "बघा! पुन्हा अपूर्णांक बिघडवले तुमच्या त्या जुन्याने!"

खरं सांगतो, क्षणभर माझीही पाचावर धारण बसली. मुख्याध्यापिकांनी मूळ पेपर काढला, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचला. अडीच. पावणेचार. सात. जसंच्या तसं. चूक पेपर काढणाऱ्याची होती. त्यांनी मुख्य कार्यालयाला फोन लावला, तर पलीकडचा माणूस आधी मानायलाच तयार नाही. बाकी कुठल्याही शाळेतून तसा फोन गेला नव्हता.

"तीनदा वाचलं, सर," शंकासुर म्हणाली. भाऊजी हसत होते आणि डोळे पुसत होते, दोन्ही एकदम.

आता माझं वय झालंय. टोपण हरवलंय, एक कड चिकटपट्टीने बांधलीय. अपडेटकाका अजून अधूनमधून विचारतात, "सर, याला एकदा नवं करून घ्यायचं का?" भाऊजी नुसतं जुडगं खिशात टाकतात. एक दिवस मी कायमचा गप्प होईन, त्याला माझी हरकत नाही. माझी नक्कल काढा, दुसऱ्या पेन ड्राइव्हवर ठेवा, खोली पाडा, नवी बांधा, हवं तितक्यांदा बांधा. पण त्या मुलांना पेपर वाचून दाखवायला कुणी जायचं नाही, सांगून ठेवतो. ती स्वतः वाचतील. तुम्ही फक्त त्या यंत्राचा खडखडाट सहन करा.