तळ न धरणारं

गुलाबी द्रवात तो ठिपका हलला. पिपेटचं टोक डिशच्या कडेला बुडलेलं, द्रव ओढून घ्यायचाच अवकाश – आणि हलला; म्हणजे डिश जराशी कलली तसा सावकाश पलीकडे गेला, तांदूळ धुताना तूस तरंगत जावं तसा. केर असेल, विशाखाला वाटलं. जुनं पोषकद्रव काढून टाकायचं, तळाशी काही धरलंय का बघायचं, आणि नसलंच धरलं तर – प्रेरणा मॅडम काल स्पष्टच म्हणाल्या होत्या – सारजाबाईंच्या रक्ताची ही शेवटची डिश बंद. रुग्णाच्या रक्तात फिरणाऱ्या कर्करोगाच्या पेशी वेगळ्या काढायच्या, डिशमध्ये वाढवायच्या, कुठल्या औषधाला त्या मरतात ते आधी तिथंच बघायचं... प्रकल्पाच्या अर्जात किती झोकात लिहिलं होतं सगळं! प्रत्यक्षात मेल्या वाढायलाच तयार नव्हत्या.

पण हात थांबला. का, कुणास ठाऊक.

तिनं डिश सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि – अगं बाई! गोल, लखलखीत, एकमेकींना बिलगून बसलेल्या. परवाच्या फोटोत हाच पुंजका होता, सात-आठ पेशींचा. आपणच त्याखाली 'मृत' असं लिहून मोकळ्या झालो होतो. आज मोजता येत नाहीत. मेलेलं वाढतं का कधी? रक्तातल्या पांढऱ्या पेशी असतील... छे, त्या केव्हाच संपल्या असत्या. आणि ही कडेची तर मधोमध आवळली गेलीय, एकीच्या दोन व्हायच्या बेतात... थांब, नीट बघू दे, चष्म्यावर वाफ धरली, हा मास्क म्हणजे एक...

जिवंत पेशी तळ धरतात, तरंगतं ते मेलेलं, ओतून द्या – हे तिला पहिल्या दिवशी शिकवलं होतं आणि तिनंही मुकाट्यानं ओतलं होतं. पण ह्या मुळात गाठ सोडून निघालेल्या, रक्तातून अंगभर भटकणाऱ्या. त्या कशाला तळ धरतील? इतकी साधी गोष्ट! म्हणजे आधीच्या डिशमधून आपण काय काय ओतून दिलं... नको, आत्ता नको ते.

"ह्या पोरीचं बूड एका जागी टिकंल तर शपथ!" – आई. वाळूजची नोकरी सोडली तेव्हा तर घरात सुतक पडल्यासारखं झालं होतं. रंगाच्या कारखान्यातली पक्की नोकरी, बस कोपऱ्यावर यायची, आणि ही बया तीन वर्षांच्या प्रकल्पावर निघाली रक्ताच्या नळ्या हाताळायला. खरंय आई तुझं, मी कुठंच तळ धरला नाही. पण मेले नाही ना? ये, बघ इथं डोळा लावून. विशाखा एकटीच खुदकन हसली.

जुन्या द्रवाला हात न लावता तिनं नवीन पोषकद्रव थेंब थेंब सोडलं, डिश उबेच्या पेटीत ठेवली आणि मॅडमना फोन लावला. "मॅडम, तरंगतंय ते जिवंत आहे!" पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग, "कशाला हात लावू नकोस, मी निघाले."

जिना ती धावतच उतरली. खालच्या वॉर्डात सारजाबाई सलाईन लावून बसलेल्या असणार. गंगापूरहून जीपनं येतात, दर खेपेला रक्ताची नळी देतात आणि कपाशीचं विचारावं तसं विचारतात, रुजलं का गं? दर खेपेला आपण मान हलवायची. आज...

"मावशी, रुजलं!"

सारजाबाईंचा चेहरा उजळला. डोक्याचा रुमाल त्यांनी मोकळ्या हातानं सारखा केला, कुणी सत्काराला बोलावल्यासारखा. "व्हय? खरं सांगती?"

"खरंच. वाढतंय. जोमानं."

"जोमानं," त्या म्हणाल्या, आणि सुईच्या हाताकडे बघत राहिल्या. "लई चिवट हाय म्हणजे."

विशाखाच्या तोंडावरचं हसू कुठं ठेवावं तेच तिला कळेना. मी काय सांगत आले? पेढे वाटल्यासारखी काय सांगत आले मी ह्या बाईला?

"तोंड पाडू नगं," सारजाबाई म्हणाल्या. "आता त्याला जप. चांगलं खाऊपिऊ घाल. आन् मग येकेक औषध पाज. तिथं मेलं तर इथं बी मरंल ना?"

विशाखानं त्यांचा मोकळा हात धरला. "बघू मावशी. मी रोज बघेन."

वर जाताना तिचे पाय पुन्हा पळू लागले. आनंद गेलाच नव्हता, निलाजरा तसाच उसळत होता छातीत, फक्त आता त्याला हात लावायची भीती वाटत होती. उबेच्या पेटीच्या काचेला तिनं कपाळ टेकवलं. जग, ती पुटपुटली, काहीही कर पण जग... आणि हे आपण कुणाला म्हणतोय, ते तिचं तिलाच सांगता येईना.