सोडलेलं शटल

शटल डाव्या कोपऱ्यात गेलं आणि केयूर जागचा हलला नाही.

मागे टप्प आवाज झाला. रेषेवरच्या पंचाने दोन्ही हात पसरले. बाहेर! अंधेरीच्या त्या हॉलमध्ये टाळ्या कडाडल्या. केयूरचे गुरू श्यामकांत सर शेजारच्याला कोपराने ढोसून म्हणाले, पाहिलंत, याला म्हणतात नजर.

नजर! केयूरला हसावं की रडावं कळेना. ते शटल त्याने सोडलं नव्हतं. त्याला ते दिसलंच नव्हतं.

हा माणूस कधी धडाकेबाज म्हणून गाजला नाही. त्याचा स्मॅश बेताचा, उंची बेताची. पण कुठलं शटल बाहेर पडणार हे त्याला नेटपलीकडूनच कळायचं. तो हात खाली सोडायचा, समोरचा हरखायचा आणि शटल रेषेबाहेर पडायचं. मारणारे पुष्कळ येतात रे, सोडणारा एखादाच, असं सर म्हणत. त्या एका गुणावर पोरगा मुलुंडच्या क्लबातून जळगाव, नागपूर, पार गुवाहाटीपर्यंत खेळून आला. राज्याचं एकेरीचं विजेतेपद मात्र दर वेळी हातातोंडाशी येऊन हुकलं. आता तिशी उलटली होती, गुडघे कुरकुरत होते. ही फायनल गेली की संपलंच, हे त्याला सांगायला ज्योतिषी नको होता.

आणि नेमकं आठवड्यापूर्वी सरावात सौरभचं शटल डाव्या डोळ्यावर बसलं. सौरभ, त्याच्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी लहान, रोज त्याच्याबरोबर सराव करणारा, आणि आज नेटपलीकडे उभा असलेला. आधी डोळ्यासमोर काळे ठिपके तरंगले, मग विजा चमकल्या, मग कडेने एक काळी सावली वर चढायला लागली. डॉक्टरांनी आडवळण घेतलं नाही. डोळ्यातला पडदा सुटतोय, म्हणाले, आज दाखल व्हा, धावपळ केलीत तर डोळा जाईल.

आता कोणीही शहाणा माणूस काय करेल? पण खेळाडूचं डोकं वेगळंच चालतं हो. रविवारी फायनल, सोमवारी ऑपरेशन, असा हिशेब या गृहस्थाने परस्पर मांडला आणि घरी अवाक्षर काढलं नाही.

सकाळी घाटकोपरच्या घरी त्याने चहा ओतला तो कपाच्या बाहेर. त्याची बायको गंधाली ओटा पुसता पुसता थांबली.

"केयूर, खरं सांग. डॉक्टर काय म्हणाले?"

"थेंब दिलेत गं. त्याने जरा धूसर दिसतं."

सामना बघायला कधी न येणारी ती आज चप्पल घालून त्याच्या आधी दारात उभी राहिली.

पहिला गेम त्याच्या जुन्या कीर्तीने जिंकून दिला. डावीकडची आणखी दोन शटलं बाहेर पडली, आणि सौरभने धसका घेऊन त्या कोपऱ्यात मारणंच बंद केलं. दुसऱ्या गेममध्ये सौरभच्या कोचने त्याचे कान उपटले असावेत. तो पुन्हा डावीकडे मारायला लागला, आणि आता शटलं आत पडायला लागली. केयूर दर वेळी अंदाज चुकल्यासारखी मान हलवायचा. लोक हळहळायचे. गेम हातचा गेला.

तिसऱ्या गेमला सावली अर्ध्याच्या वर आली होती. दुहेरीत निदान जोडीदार ओरडून सांगतो, एकेरीत आपलं आपण. सोडून द्यावं, असं त्याला एकदा वाटलं. नुसता हात वर केला असता तरी पुरे होतं. गॅलरीत गंधाली पदराचं टोक मुठीत धरून बसली होती. त्याने तिकडे बघायचं टाळलं.

त्याने एक युक्ती केली. तो कोर्टाच्या डाव्या अंगाला सरकून उभा राहिला आणि दिसणारी उजवी बाजू मोकळी टाकली. तरणं रक्त, मोकळी जागा दिसल्यावर कुठलं थांबतंय? सौरभ तिथेच मारत राहिला आणि केयूर तिथेच टिपत राहिला. उडी मारली की डोळ्यात वीज चमकायची. तरी तो उड्या मारत राहिला. शेवटचं शटल सौरभने नेटमध्ये घातलं.

झालं. इतक्या वर्षांनी झालं. सर खुर्चीवर चढून नाचायला लागले.

केयूर नेटपाशी गेला. डावा डोळा आता पुरता काळा झाला होता, एका डोळ्याने अंतर कळत नव्हतं. समोर सौरभचा हात आला. तो धरायला केयूरने हात पुढे केला आणि त्याच्या मुठीत हवा आली. पुन्हा केला. पुन्हा हवाच.

सौरभच्या चेहऱ्यावरचं हसू विझलं. तो केयूरच्या डोळ्याकडे बघत राहिला. मग नेटखालून वाकून अलीकडे आला.

"केयूरदा, हे... त्या दिवशीचं?"

"आता नको. लोक बघतायत."

सौरभने त्याच्या खांद्यावर हात टाकला, दंड घट्ट धरला आणि त्याला कोर्टाबाहेर न्यायला लागला. "पायरी आहे," तो हळूच म्हणाला. केयूरने पायाने चाचपून पायरी शोधली.

हरलेल्याने जिंकलेल्याला असं गळ्यात हात घालून नेताना कोणी पाहिलं नव्हतं. लोकांना भरून आलं. अख्खा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. गंधालीही उभी राहिली होती. त्याचा चाचपडणारा पाय दिसला, आणि टाळ्या वाजवता वाजवता तिचे हात थांबले.