शरणम्मांचा हेल

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे आणि मला तुम्हा माणसांचा राग येतो. मित्रांनो म्हणायची रीत आहे, म्हणून म्हणतो.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. नांदेडच्या एका कचेरीत चार वर्षं राबलो. तिथल्या साहेबांनी माझ्यावर दोनदा चहा सांडला आणि दोन्ही वेळा शिवी मलाच दिली. मग विकून टाकलं. उदगीरच्या स्वप्नालीनं मला घेतलं, तेव्हा माझं एक बिजागर निखळलेलं होतं.

तिनं माझ्याकडून वेगळंच काम करून घेतलं. गिरणीच्या पट्ट्याची फटफट, एसटीची घंटी, असा कसलाही आवाज ती फोनवर टिपायची. त्यातला दोन सेकंदांचा तुकडा कापून माझ्या एकेका बटणावर बसवायची. बटण दाबलं की तो तुकडा फिरत राही, त्यावर दुसरा, मग तिसरा. काय वाजवायचं ते आधी ठरलेलं नसे. बोटं नेतील तिकडं गाणं जाई. माझा पंखा तापून घरघरायचा, तरी ते काम मला आवडे. एवढं कबूल करतो.

मागच्या उन्हाळ्यात स्वप्नालीचा मामा मन्मथ वारला. तिची आई शरणम्मा हेल काढून रडल्या. "मन्मथा रं, माझ्या माहेराची वाट मोडलीस रं." लेकीनं ते सगळं फोनवर टिपून घेतलं. घरी येऊन तिनं 'वाट मोडलीस' एवढेच शब्द कापले आणि माझ्या बटणावर बसवले. मी निमूट ठेवून घेतले. चोरीचा माल ठेवणाराही चोरच.

पौषात लातूरला एका सभागृहात तिचा कार्यक्रम झाला. स्वप्नाली आईला अव्वा म्हणे. अव्वाला तिनं हौसेनं नेलं, पहिल्या रांगेत बसवलं. गिरणीचा पट्टा सुरू झाला, त्यावर घंटी चढली, पोरं डुलू लागली. रंगात येऊन तिचं बोट त्या बटणावर गेलं. वाट मोडलीस, वाट मोडलीस. शे-दीडशे पोरं हात वर करून नाचायला लागली. कुणी शिटी मारली.

शरणम्मा उठल्या, मंचावर आल्या आणि त्यांनी माझं झाकण धाडकन मिटलं.

परतीच्या एसटीत मी स्वप्नालीच्या मांडीवर होतो. तुझा आवाज लोकांना किती आवडला, हे ती पुनःपुन्हा सांगत होती. शेवटी चिडून म्हणाली, "अव्वा, ते आता गाणं झालं."

"गाणं न्हाई ते," शरणम्मा म्हणाल्या. "माझा भाऊ गेलता. मी त्याला हाक मारून राहिले होते. तू लोकं नाचवलीस."

त्यानंतर दोघींचं बोलणं तुटलं. ताट पुढं सरकवलं जाई, त्यासोबत शब्द येत नसे. ते पुसून टाकलं, असं स्वप्नालीनं एकदा दारातूनच सांगितलं. ते खोटं होतं. तो तुकडा ती नव्या गाण्यांत घालून बघत होती आणि एकही गाणं जमत नव्हतं. मग राग माझ्यावर निघाला. माझी बटणं आपटून तिनं मला कपाटावर टाकलं. तीन महिने मी धूळ खाल्ली.

एका दुपारी शरणम्मांनीच मला खाली काढलं आणि लेकीपुढं ठेवलं. "पुसलं न्हाईस, ठाव हाय मला. सगळं लाव. कापलेलं नगं."

स्वप्नालीनं माझ्या पोटात ठेवलेला पूर्ण अकरा मिनिटांचा हेल लावला. शरणम्मा पदर डोक्यावर घेऊन ऐकत राहिल्या. त्या हेलात मन्मथची लहानपणीची खोकल्याची ढास होती, बहिणीसाठी सदऱ्यात लपवून आणलेली बोरं होती, तिला सासरी सोडताना फाट्यावर बसलेला भाऊ होता. स्वप्नालीनं हे कधी कान देऊन ऐकलंच नव्हतं. तिला दोन सेकंदच हवे होते. आता तिच्या डोळ्यांना धार लागली.

"आता पूस," शरणम्मा म्हणाल्या.

"अव्वा, राहू दे. माझ्यापुरतं."

"तवा इचारलंस का?"

स्वप्नालीनं अख्खा हेल पुसला, कापलेला तुकडाही. पडद्यावरून त्याचं नाव गेलेलं शरणम्मांनी नीट पाहिलं आणि त्या उठून गेल्या. त्या दिवशीही घरात कुणी कुणाशी बोललं नाही.

मित्रांनो, आमची धूळ झटका, चहा लांब ठेवा, असं शेवटी विनवायची आमच्यात पद्धत आहे. मी विनवणार नाही. माझं काय व्हायचं ते होवो. पण कुणाचा आवाज खिशात घालण्याआधी त्या माणसाला विचारा. मला विचारून उपयोग नाही. मला 'नाही' म्हणता येत नाही, त्यांना येतं.