कलम धरेपर्यंत

शिरगावच्या वाडीत चिकूची कलमं बांधणाऱ्या चारुताला कुणी घाई केलेली खपत नसे. झाडांची शास्त्रीय नावं वाचता वाचता तिच्या समिधाला लॅटिनची गोडी लागली. शाळेत न जाता घरीच शिकणाऱ्या या लेकीला चारुताने पुस्तकावरून लॅटिनही शिकवायला घेतलं. पुढे समिधाने लॅटिनच्या ऑनलाइन वर्गात नाव घातलं, तेव्हा तिथल्या बाई म्हणाल्या, "घरचे धडे आजपासून बंद करा, उगाच गोंधळ होईल."

"बाई, चिकूची फांदी आम्ही रायणीच्या रोपाला बांधतो, पण आईच्या झाडावरून लगेच तोडत नाही," चारुता म्हणाली. "तोडली तर वाळते. कलम धरलं, की मी स्वतः कापीन."

मग सकाळी वर्ग आणि दुपारी ओट्यावर घरचा धडा, असं दोन्ही चालू राहिलं. वर्ग पुढे पळाला, की मागे राहिलेलं चारुता दुपारी भरून काढायची.

एका दुपारी चारुताने एका वाक्याचा अर्थ सांगितला. समिधाने मान हलवली. "असं नाय, आई. बघ." तिने वाक्य उलगडून दाखवलं. चारुताने ते दोनदा पडताळलं. लेकीचंच बरोबर होतं.

चारुताने पुस्तक मिटलं.

"धरलं," ती म्हणाली. "उद्यापासून दुपारी मी मोकळी."