सूक्ष्मजलाचा साक्षात्कार

टेकडीवर पाय ठेवायला जागा नव्हती. बोअरच्या तोंडाभोवती अवघे गाव लोटले होते आणि मधोमध पाताळगुरू डोळे मिटून विराजमान होते. ज्वालामुखीच्या त्या करकरीत खडकात टिपूसभरही पाणी नाही, असे भूजल खात्याच्या ताईंनी महिन्यापूर्वीच यंत्राची शोधनळी आत सोडून, मोजून सांगितले होते. त्यानंतर गुरूंनी बोअरभोवती कनात ताणून एकांतात तप आरंभिले. आज ताईंनी तीच शोधनळी पुन्हा आत सोडली आणि यंत्राचा काटा एकदम उसळला. जयघोषाने टेकडी दुमदुमली.

"बघ ताई, तुझंच यंत्र बोललं!" त्यांचा धाकटा भाऊ म्हणाला. गावाच्या एकुलत्या एका विहिरीची राखण त्याच्याकडे होती.

गुरूंनी एक डोळा उघडला. "पाताळातलं पाणी मानी असतं, बाळ. जुनी सवत नांदते तोवर ते वर येत नाही. विहीर आजच बुजवा!"

विहिरीपाशी दगडांच्या गाड्या उभ्याच होत्या.

"आधी बादली तर सोडा," ताई म्हणाल्या. दोराला बांधलेली चिंचोळी बादली खाली गेली आणि चिमूटभर कोरडी भुकटी घेऊन वर आली.

"जल अद्याप सूक्ष्मरूपात आहे," गुरू उद्गारले. "ते आधी यंत्राला दिसतं, मग पुण्यवंताला, मग बादलीला."

"म्हणजे बादली सगळ्यांत पापी म्हणायची!" एक म्हातारी पुटपुटली.

ताईंनी दोन्ही वेळची मापे ताडून पाहिली. खडकात पाणी मुरते ते कुठे कमी, कुठे जास्त. भेगेत एक, थरात एक. इथे मात्र तोंडापासून तळापर्यंत वाढ सारखीच. सूक्ष्मजलाला एवढी शिस्त! त्यांनी आरशाने ऊन बोअरमध्ये पाडले. आत प्लॅस्टिकच्या जाडजूड पाइपाचे अस्तर चकाकले.

"हे कधी घातलंत?"

"कनातीमागे. कडा ढासळू नयेत म्हणून, गुरूंच्या आज्ञेनं," भाऊ म्हणाला. "पण कोरड्या पाइपानं काय होतंय?"

"अरे, या यंत्राला पाणी दिसतच नाही. ते बारीक कण सोडतं. हायड्रोजन भेटला की ते मंदावतात, आणि मंदावलेले कण यंत्र मोजतं. पाण्यात हायड्रोजन असतो, म्हणून आपण त्याला पाणी समजतो. पण तो प्लॅस्टिकात असतो, मेणातही असतो."

त्यांनी शोधनळी ओढून तिच्या पेटीत सरकवली. ते कण बाहेर पडू नयेत म्हणून त्या पेटीला आतून मेणाचा जाड थर होता. काटा बोअरमधल्याहूनही वर चढला.

"घ्या, या पेटीत तर सरोवरच आहे! गुरुजी, पहिला तांब्या तुमचा."

"श्रद्धेवाचून..." गुरू अडखळले.

"श्रद्धा काय खडकापेक्षा मेणात जास्त मुरते?"

म्हातारीसकट सारे खदखदले. पाइप उपसून काढला, शोधनळी पुन्हा सोडली, तो काटा महिन्यापूर्वीच्या जागी निमूट येऊन बसला. तोवर गुरू समाधी आवरून टेकडी उतरू लागले होते. पूर्वाश्रमी ते बोअर खणणाऱ्या कंपनीत पाइपांचे कोठीदार होते आणि असली यंत्रे पाइपाला भुलताना त्यांनी तिथेच पाहिली होती, हे मागाहून उघड झाले. त्यांची विद्या गुहेतली नव्हे, गोदामातली! विहीर बुजली असती, तर गावाला त्यांच्या मठातल्या तळ्यावाचून गती नव्हती.

भावाचा चेहरा उतरला होता. "पहिला दगड मीच टाकणार होतो, ताई. यंत्र तुझं, म्हणून शंकाच आली नाही."

"तेच तर चुकलं. बाबापुढे जोडलेले हात सोडवून यंत्रापुढे जोडलेस, त्यात सुटलास कुठे? ते काय मोजतंय, हे विचारायचं होतंस. मलासुद्धा."

वाचकहो, सत्य पुन्हा मोजले म्हणून रुसत नाही. रुसतो तो भोंदू. तेव्हा चमत्कार दिसला की निःसंकोच पुन्हा मोजा, आणि दुसऱ्या रीतीनेही मोजा.