राजीखुशीने

"ओंजळ करा. अंगठे आत दुमडू नका," धर्मगुरू म्हणाले.

तीस वर्षं एक्स-रेच्या टेबलावर दुसऱ्यांना हात नीट ठेवायला सांगणाऱ्या ताई, आणि आज त्यांना कुणीतरी हात कसे धरायचे ते शिकवत होतं. मी मागे भिंतीशी बसले होते. त्यांच्याच विभागात मी पेशंटची नावं नोंदवते. ना त्यांच्या धर्माची, ना नात्याची. पण बरोबर यायला दुसरं कुणी नव्हतं.

ताई ज्यू. कोर्टाने त्यांना एकवीस वर्षांपूर्वीच घटस्फोट दिला होता, पण त्यांच्यात तेवढ्यावर भागत नाही. नवऱ्याने सोडचिठ्ठी लिहवून घेऊन बायकोच्या ओंजळीत टाकावी लागते, आणि तीही राजीखुशीने. तोवर तिला दुसरं लग्न नाही. या गृहस्थाची खुशी काही होत नव्हती. धर्मगुरू दर वर्षी बोलावत, हा येई, चहा पिई आणि "बघू" म्हणून निघून जाई. असल्या माणसाला मी तरी चहा दिला नसता.

हॉस्पिटलसमोर चष्म्याचं दुकान होतं. दुकानदार ताईंच्याच समाजातला, विधुर. चौदा वर्षं दोघं रोज दुपारी आमच्या कॅन्टीनमध्ये समोरासमोर बसून डबा खात. शेजारी शेजारी बसलेलं मी एकदाही पाहिलं नाही. मी एकदा चिडून म्हटलं होतं, कोर्टाचा कागद आहे ना हातात, मग जा आणि संसार थाटा. ताई रागावल्या नाहीत.

"तो वाईट वागतो म्हणून मी माझा धर्म का सोडू?" एवढंच म्हणाल्या.

 

गेल्या महिन्यात चष्मेवाले दुकानातच कोसळले आणि गेले. त्यांच्यात जवळची माणसं सात दिवस घरात बसून शोक करतात. मुलगा बसला, बहीण बसली. ताई कोण म्हणून बसणार? चार लोकांसारख्या भेटून आल्या आणि दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर हजर. आठव्या दिवशी धर्मगुरूंचा फोन आला, की नवरा तयार झालाय.

"कुणी जबरदस्ती केलेली नाही ना?" धर्मगुरूंनी आज समोर उभ्या असलेल्या नवऱ्याला रीतीप्रमाणे विचारलं.

"छे. अगदी राजीखुशीने," तो म्हणाला. मग ताईंकडे वळून हळूच म्हणाला, "आता घे. आता माझी काही हरकत नाही."

ऐकलं सगळ्यांनी. लेखनिकाने मान खाली घातली, दोघे साक्षीदार खिडकीकडे बघू लागले. माझ्या मनात आलं, उठावं आणि याच्या कानाखाली जाळ काढावा. मी उठले नाही.

कागद ओंजळीत पडला. ताईंनी तो मिटून धरला, सांगितल्याप्रमाणे काखेत दाबला, दारापर्यंत चालत गेल्या आणि परत आल्या. सगळं अगदी नेमकं केलं. कुठेतरी चुकल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. नवरा सगळ्यांना हात जोडून निघून गेला.

धर्मगुरूंनी कागद परत घेऊन त्याला चिरा पाडल्या, त्याऐवजी एक दाखला दिला आणि वही उघडली. नियम सांगणं त्यांना भाग होतं, पण वर न बघता त्यांनी तो पुटपुटला.

"ब्याण्णव दिवस तुम्हाला लग्न करता येणार नाही. पोटात मूल असलं तर ते कुणाचं, हे कळावं म्हणून."

ताई चोपन्न वर्षांच्या आहेत. मी डोळे मिटून घेतले.

"आजचा दिवस धरून?" ताईंनी विचारलं.

"आजचा सोडून."

ताईंनी पर्समधून डायरी काढली, चष्मा लावला, बोटाने दिवस मोजत पानं उलटली आणि ती तारीख लिहून ठेवली.