सावडीचं माणूस

भातलावणीला आमच्या पासली गावात सावड चालते. तुमचं माणूस आमच्या खाचरात, आमचं तुमच्या, आणि दिवस मावळला की जो तो आपल्या घरी. म्हणून नात शेफाली जर्मनीच्या कॉलेजात गेली आणि बदल्यात तिकडचे मास्तर आमचा गोठा बघायला येणार म्हटल्यावर म्या पाच ताटं मांडली. पाहुणे चार, पाचवं तिचं.

गाडीतनं चारच उतरले. राखेचे, शेणाचे, भाताच्या तुसाचे लई फोटो काढले.

"आजी, तुम्ही टाकून काय काय देता, असं विचारतायत ते," त्या चौघांतल्या पुण्याच्या बाई म्हणाल्या.

"टाकायला हितं काय पुणं हाय व्हय? काईबी न्हाई."

पाहुण्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

"आता आमची पोरगी कधी धाडताय?" म्या विचारलं.

बाई घुटमळल्या. "तिनं तिथंच आणखी दोन वर्षं वाढवून घेतलीत. तुम्हाला बोलली नाही?"

"बोलली की!" खोटंच, पण मान खाली घातली न्हाई.

गाडी गेल्यावर पाचव्या ताटातली भाकरी म्हशीला घातली. ते लिहून घ्यायला मात्र कोणी नव्हतं.